दोन डिस्कचं रेड मोडून एका एसएसडीवर यायचं कसं (आमच्या सांगलीतल्या घरच्या पीसीवर करून झालंय)

आमचा पीसी २०१३ चा. घेताना दुकानदारानं ५०० जीबीच्या दोन डिस्क टाकून रेड (दोन डिस्क मिळून एकच डिस्क म्हणून चालवायची सोय), त्यातलं रेड झीरो करून दिलेलं, डबल स्पीड येतंय बघा म्हणून, आणि आम्ही पण खूश. रेड झीरो म्हणजे प्रत्येक मोठ्या फाइलचे तुकडे करून एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर, त्यामुळं एक डिस्क मेली की दुसरी म्हणजे एक आड एक पान फाडलेली खतावणी, कुणाचं येणं किती कायच कळत नाही. तुमचं रेड वन असेल तर सुखी आहात, दोन्हीकडं सगळी कॉपी असते, पण हलवायची पद्धत तीच.

मागच्या दिवाळीत लाइट गेली, परत आल्यावर पीसी चालू केला तर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणाला. ओळखीतल्या एकानं बघून डिस्क गेल्या, फॉरमॅट मारू म्हणून सांगितलं. थांबा म्हटलं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) गेलो तर तारीख २०१३ ची, म्हणजे मदरबोर्डवरचा तो रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला, सेटिंग डिफॉल्टला गेलेलं आणि साटा मोड (डिस्क कशा चालवायच्या ते सेटिंग) रेडचा एएचसीआय, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी, असा झालेला. नवा सेल टाकला, मोड परत रेड केला, सगळं जागेवर. कुणाच्या दोन डिस्क अशा अचानक सुट्या दिसायला लागल्या तर आधी हे बघा, आणि विंडोज फॉरमॅट करू का, इनिशियलाइझ करू का विचारत असेल तर हात लावू नका.

त्या दिवशी ठरवलं की आता बास, रेड सोडून एका एसएसडीवर (फिरती चकती नसलेली, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) यायचं. तसंही डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एक डिस्क पिवळी, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्यावर आलेली.

आता मेन गोष्ट, क्रम. बहुतेक लोक एसएसडी आणली की पहिलं बायोसमध्ये जाऊन रेडचं एएचसीआय करतात आणि तिथंच फसतात. बायोसमधल्या त्या मोडला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

पहिलं म्हणजे फोटो, टॅलीचा डेटा, जे काय परत मिळणार नाही ते बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवा. क्लोन (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करणार आहे की मग बॅकअप कशाला, असं म्हणू नका, पिवळी डिस्क क्लोन करतानाच राम म्हणू शकते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

मग साइज. आमचं व्हॉल्यूम (दोन्ही डिस्क मिळून) विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसायचं, भरलेलं होतं २८०, म्हणून ५०० ची एसएसडी पुरली. क्लोनचं सॉफ्टवेअर पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) आपोआप लहान करत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक करावा लागतो, आणि तो अर्ध्यावर अडला तर हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर थोडा वेळ बंद करून परत बघा, या फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात.

पीसी बंद करून कॅबिनेट उघडा, आतल्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, एसएसडी रिकाम्या साटा पोर्टला लावा. एम डॉट टू वाली (थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी) घेतली असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल बघा, काही बोर्डवर तो स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो आणि नेमकी त्यावरच रेडची डिस्क असली की झालं.

क्लोन विंडोजच्या आतनंच करा, तिथं रेड एकच डिस्क म्हणून दिसतं. मी मॅक्रियम रिफ्लेक्टचा ट्रायल वापरला. नुसता सी उचलू नका, शेजारचं १०० एमबी वगैरेचं बारकं पार्टिशन पण घ्या, बूटचा कारभार त्यातनं चालतो. स्लीप बंद ठेवा, पीसी इन्व्हर्टरवर घ्या. आमचं सव्वा तासात झालं, तेवढ्यात मी खालनं भडंग घेऊन आलो.

आता पीसी बंद करून दोन्ही जुन्या डिस्कच्या केबल काढा. दोन्ही! एकसारख्या दोन विंडोज एकदम लावल्या की कुठनं चालू झालं तेच कळत नाही. बायोस अजून रेडवरच असू दे, इंटेलच्या रेड मोडमध्ये एकटी डिस्क पण चालते. फक्त बूट ऑर्डरमध्ये एसएसडी निवडा. विंडोज आली? मग अर्धी लढाई झाली, आणि खरं सांगायचं तर इथंच थांबलं तरी चालतंय.

पण मला तो रेडचा मोडच नको होता, उद्या परत सेल संपला तर तीच भानगड. त्यासाठी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमलवर टिक, रिस्टार्ट. तिथनं थेट बायोस, साटा मोड एएचसीआय, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर) येते आणि एएचसीआयचा ड्रायव्हर आपला आपण उचलते. मग परत एमएसकॉन्फिगमध्ये टिक काढून रिस्टार्ट. हे न करता मोड बदलला की निळा स्क्रीन, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. घाबरू नका, मोड परत रेड केला की गाडी रुळावर येते. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, पासवर्ड माहीत असू दे, मी तिथं दहा मिनिटं घाम गाळलाय.

शेवटी ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्समध्ये सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहून आलंय का बघा, नाहीतर विंडोज तिला अजून जुनीच हार्डडिस्क समजतेय.

२०१९ च्या महापुरात आख्खं कॅबिनेट चादरीत गुंडाळून दोघांनी वरच्या मजल्यावर नेलेलं, कारण दोन डिस्कमधली नुसती एक काढून नेऊन उपयोग नव्हता. आता चार स्क्रू काढले की एसएसडी खिशात.

जुन्या डिस्क महिनाभर तशाच ठेवा, कुठली कुठल्या पोर्टला होती ते मार्करनं लिहून. त्यानंतर मोड परत रेड करून आमच्यासारख्या जुन्या इंटेल बोर्डवर चालू होताना कंट्रोल आय दाबून व्हॉल्यूम डिलीट करता येतं, डेटा कायमचा जातो, आणि त्या वेळी एसएसडीची केबल काढून ठेवा, चुकून भलतीच निवडाल. नंतर मोड एएचसीआयवर आणायला विसरू नका. आमची पिवळी भंगारात गेली, दुसरी चांगलीय, तिच्यावर आता बाबांच्या नाटकांच्या रेकॉर्डिंग ठेवल्यात, त्याची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर पण आहे.