होरा कशी मोजावी, आणि हा शब्द आला कुठून

"निकालाबद्दलचा त्यांचा होरा खरा ठरला," असं आपण सहज म्हणतो. माझ्याकडे संस्कृत शिकायला येणाऱ्या मुलांनी या शब्दाचा अर्थ विचारला, की मी आधी कागद-पेन्सिल घ्यायला लावते. ज्योतिषात होरा म्हणजे सूर्योदयापासून मोजलेला तासाभराचा काळ, आणि प्रत्येक होरेचा स्वामी एक ग्रह. ती एकदा स्वतः मोजावीच.

कागदावर गोल काढून सात ग्रह याच क्रमाने लिहा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. हा क्रम वेगाचा. आकाशातला एक फेरा पुरा करायला शनीला सुमारे २९ वर्षं लागतात, गुरूला १२, चंद्राला २७ दिवस. मंद आधी, शीघ्र शेवटी.

आता पंचांगात आपल्या गावचा सूर्योदय पाहा. समजा, बुधवार आहे आणि सूर्योदय ६.१० चा. पहिली होरा वाराच्या स्वामीची, म्हणून ७.१० पर्यंत बुधाची. मग गोलावरून बोट सरकवा: ८.१० पर्यंत चंद्राची, ९.१० पर्यंत शनीची. (काहीजण दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे, बारा समान भाग करतात, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाची होरा तासाहून लांबते. शिकताना तासाचीच धरा.)

इथे थांबू नका, २४ होरा पुऱ्या करा. सातचे तीन फेरे होऊन तीन उरतात, म्हणून २५ वी होरा बुधापासून तीन घरं पुढची: चंद्र, शनी, गुरू. उद्याचा सूर्य गुरूच्या होरेत उगवणार, म्हणून उद्या गुरुवार! वारांचा क्रम असाच का, हे मुलांना स्वतःच्या बोटाने सापडतं, तो क्षण मला फार आवडतो. आर्यभटानेही हाच नियम दिला आहे: शीघ्रतेच्या क्रमाने चौथा तो पुढचा दिनस्वामी. चौथा मोजताना आजचा ग्रह पहिला धरायचा.

शब्दाचं मूळ सांगताना प्राचीन ज्योतिषी वराहमिहिर आपल्या 'बृहज्जातक' या ग्रंथात एक मत नोंदवतो: 'अहोरात्र' मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळून 'होरा' उरला. व्युत्पत्ती सुरेख आहे, पण मला पटत नाही. ग्रीकमध्ये 'होरा' म्हणजे ऋतू, काळाचा भाग, तास. आणि हा शब्द एकटा आलेला नाही. केंद्र, जामित्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम हे कुंडलीशी संबंधित शब्द सगळे ग्रीक ज्योतिषातूनच संस्कृतात आले. इंग्रजीतले 'अवर' आणि 'हॉरोस्कोप' त्याच कुळातले. यवनांकडे, म्हणजे ग्रीकांकडे, हे शास्त्र नीट आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असं वराहमिहिरानेच 'बृहत्संहिते'त मोकळेपणाने लिहिलं आहे.

जन्मवेळेवरून फळ सांगणारं ते होराशास्त्र, आणि त्यावरूनच मराठीत होरा म्हणजे भाकीत, अटकळ. लिहिताना लिंग तेवढं सांभाळा. वेळ असेल तर स्त्रीलिंगी, 'गुरूची होरा लागली'. अंदाज असेल तर पुल्लिंगी, 'माझा होरा चुकला'.