नाथसागरावर एका दिवसात पक्षी पाहायचे तर

नोव्हेंबर ते मार्च हा नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्ष्यांचा हंगाम. पण तारीख ठरवण्याआधी धरणात पाणी किती टक्के आहे ते पाहा, पेपरात आकडा येतोच. धरण काठोकाठ असलं की उथळ कडा बुडतात. बदकं लांब मधोमध तरंगतात आणि चिखलात चोच घालून खाणाऱ्यांना उभं राहायला जागाच उरत नाही. पाणी उतरून गाळ उघडा पडला की तेच काठ गजबजतात. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरची घाई नको, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी बरा. नाथषष्ठीचे दिवस मात्र टाळा, दिंड्यांनी पैठणचे रस्ते भरलेले असतात.

संभाजीनगरहून पैठण ५० किलोमीटरच्या आसपास, तरी पहाटे साडेपाचला निघाच. धरणाची भिंत पूर्वेला, पाणी पश्चिमेला पसरलेलं. त्यामुळे पैठणकडच्या काठावर सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पिसांचे रंग नीट दिसतात. संध्याकाळी त्याच जागी ऊन डोळ्यांवर येतं आणि सगळे पक्षी काळे ठिपके होतात. दहानंतर हवा तापून दुर्बिणीतलं चित्र थरथरू लागतं. तेव्हा आवरतं घ्यायचं.

दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. घरूनच जुळवून न्या: उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावी बाजू झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे न केल्याने अर्ध्या लोकांचं डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला मिळतो.

पट्टकदंब हंस बघायचे तर पाण्याइतकंच गाळपेरीच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पेरलेल्या, कोवळ्या गहू-हरभऱ्यावरही लक्ष ठेवा, ते तिथे चरायला उतरतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे ही खूण. चरताना माना खाली असतात. एकेक मान ताठ उभी राहायला लागली की तिथेच थांबा, आणखी दहा पावलं टाकलीत तर अख्खा थवा उठेल. खाली बसून राहिलात तर बहुतेक वेळा माना परत खाली जातात. रोहित (फ्लेमिंगो) मात्र उथळ पाण्यातच शोधा. शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) आणि चक्रवाक (नारिंगी बदक) फारसे शोधावे लागत नाहीत.

खरा घोटाळा चिखलाचा. वरून वाळून भेगाळलेली काळी माती खाली ओलीच असते, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बूट आत राहतो. हातात काठी ठेवा, टोचून बघा, गुरांच्या पाऊलवाटेने चाला. गाडी पक्क्या रस्त्यावरच लावा. दवाने भिजलेली माती चाकांना थापली गेली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

गाळपेर हे कुणाचं तरी पीक आहे, तेव्हा विचारून बांधावरूनच जा. काठावर पाणी उपसायच्या मोटारींच्या वायरी पाण्यापर्यंत पसरलेल्या असतात, त्यांवर पाय देऊ नका, लेकरांना तर जवळही जाऊ देऊ नका. हे अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत तर कुणी कितीही आग्रह केला तरी बसू नये.