‘नॅनोप्लँक्टन’ लिहिताय? या चुका टाळा

‘नॅनो’ दिसलं की हात आपोआप ‘नॅनोमीटर’ लिहून मोकळा होतो. त्यामुळे ‘नॅनोप्लँक्टन म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजले जाणारे प्लवक’ असं वाक्य प्रकल्पाच्या वहीत सापडतं, कधी बऱ्यापैकी लेखातही. ही चूक थोडीथोडकी नाही, हजारपटीची आहे. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे जीव, आणि त्यांतले नॅनोप्लँक्टन असतात २ ते २० मायक्रोमीटरचे, म्हणजे २,००० ते २०,००० नॅनोमीटरचे. आपली तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटरची असते. ती समुद्रात तरंगणारा जीव असती, तर याच गटात बसली असती. आणि दोन-चार नॅनोमीटरच्या जागेत जिवंत पेशी मावेलच कशी? तिथे जेमतेम एखादा प्रथिनाचा रेणू मावतो.

बिचाऱ्या शब्दाचा यात दोष नाही. ग्रीक भाषेत ‘नॅनोस’ म्हणजे बुटका. जर्मन संशोधक हान्स लोमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव रूढ केलं, तेव्हा एककांच्या यादीत ‘नॅनो’ नव्हताच. एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत तो आला १९६० साली. लोमान यांना हे जीव सापडले तेही मजेशीरच. अपेंडिक्युलेरिया नावाचे चिमुकले सागरी प्राणी स्वतःभोवती बुळबुळीत घर बांधतात आणि त्यातून पाणी गाळून खातात. संशोधकांच्या रेशमी जाळ्यांतून निसटून जाणारे जीव त्या गाळणीत अडकलेले होते!

दुसरी चूक मराठीची, आणि ती जास्त छळते. ‘सूक्ष्मप्लवक’ हा शब्द काहीजण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सगळ्याच प्लवकांसाठी वापरतात, तर काहीजण मायक्रोप्लँक्टनसाठी. मायक्रोप्लँक्टन म्हणजे फक्त २० ते २०० मायक्रोमीटरचा गट. त्याखाली नॅनो, आणि त्याखाली ०.२ ते २ मायक्रोमीटरचा पिको. ही आकारवारी १९७८ साली सीबर्थ, स्मेटाचेक आणि लेन्झ यांनी मांडली. एकाच लेखात दोन्ही अर्थ आले की वाचक गोंधळणारच. माझं मत विचाराल तर गटाचं नाव सरळ मायक्रोप्लँक्टन, नॅनोप्लँक्टन असंच ठेवावं आणि ‘सूक्ष्म’ हे साधं विशेषण म्हणून मोकळं सोडावं.

नॅनोप्लँक्टन ही कुठली जात किंवा कूळ नाही, नुसतं माप आहे. ‘नॅनोप्लँक्टन म्हणजे शैवाल’ हेही म्हणून चुकतं. जिवाणू खाऊन जगणारे, प्रकाशसंश्लेषण न करणारे कशाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) जीवही त्यात येतात. फिओसिस्टिस या सागरी शैवालाचं तर आणखीच निराळं: सुटी पेशी नॅनो, पण पेशींची वसाहत नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी.

आता प्रयोगशाळेतली तक्रार: ‘नमुन्यात नॅनोप्लँक्टन आढळले नाहीत.’ आधी नमुना कशाने घेतला ते पाहा. प्लवकजाळीची छिद्रं २० मायक्रोमीटरची असतील, तर हवे असलेले जीव जवळजवळ सगळेच गळून गेले. पाणी थेट बाटलीत घ्या, नमुना टिकवा, नळीत तळाशी बसू द्या आणि उलट्या (भिंग नमुन्याच्या खाली असलेल्या) सूक्ष्मदर्शकातून पाहा. निवळायला पुरेसा वेळ द्या, कारण बारीक पेशी फार सावकाश खाली बसतात. टिकवण्यातही खोच आहे. फॉर्मॅलिनमध्ये नाजूक कशाधारी पेशी फुटतात किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बिघडतात, म्हणून लुगोलचं आयोडीन द्रावण बरं. पण ते आम्लयुक्त असेल तर कोकोलिथधारी शैवालांच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या विरघळतात आणि ओळखीची खूणच जाते. त्यांच्यासाठी आम्ल नसलेलं द्रावण घ्या.

याच चकत्या समुद्रतळाशी साचून खडू तयार झाला; इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे त्याचेच. त्यांच्यावरून खडकांचं वय ठरवणारे भूवैज्ञानिक इंग्रजीत ‘नॅनोप्लँक्टन’ हा शब्द अजूनही जुन्या वळणाने, मधे दोन ‘एन’ घालून (nannoplankton) लिहितात. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका, आणि संदर्भ शोधताना दोन्ही स्पेलिंगांनी शोधा.