बाईकचं जळकं ऑइल पूर्ण काढायचं, म्हणजे नेमकं किती?

१०० सीसीच्या गाडीचा ड्रेन बोल्ट खोलला, धार थांबली, बोल्ट लावला आणि ९०० मिलीची बाटली पुरी ओतली, की इंजिनात ऑइल जास्त झालंच समजा. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनात कोरडं असताना साधारण ९०० मिली बसतं, पण ड्रेन केल्यावर परत भरायचं असतं ते ७०० ते ७५०. मधलं दीडशे-दोनशे मिली क्लच प्लेटांत, हेडमध्ये, ऑइलच्या वाटांत आणि उजव्या कव्हरमागच्या फिरत्या फिल्टरात अडकून राहतं. ते इंजिन खोलल्याशिवाय निघत नाही, आणि चांगल्या ऑइलच्या बाबतीत काढायची गरजही नसते. आपलं काम एवढंच, की जे निघू शकतं ते आळसामुळे आत राहू नये.

सुरुवात गरम इंजिनापासून. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं ऑइल पातळच असतं, मग गाडी सुरू कशाला करायची, असं वाटतं. पण प्रश्न नुसता पातळपणाचा नाही. गाडी उभी राहिली की काजळी आणि बारीक कचरा तळाशी बसतो. दोन-तीन किलोमीटर फिरवून आणली की तो ऑइलात मिसळतो आणि धारेबरोबर बाहेर येतो. फिरवून आणल्यावर पाच मिनिटं थांबा. जळगाव-धुळे अशी लांबची मजल मारून आला असाल तर वीस मिनिटं थांबा, कारण ते ऑइल हात भाजेल इतकं तापलेलं असतं आणि सायलेन्सर तर त्याहून.

बोल्टाला पाना लावायच्या आधी इंजिनाचं पोट खरवडा. केळीच्या बागेत, कपाशीच्या बांधावर फिरणाऱ्या गाडीखाली काळ्या मातीचा थर वाळून दगड झालेला असतो. बोल्ट निघताना तीच माती भोकाच्या आट्यांत जाते. लाकडी काडी, तारेचा ब्रश आणि कोरडं फडकं पुरे.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर घ्या. आधी वरचं ऑइल भरायचं झाकण मोकळं करा, हवा आत गेली की धार सलग पडते. खाली पसरट तगारी ठेवा. अशा बहुतेक गाड्यांना १७ नंबरचा पाना लागतो. रिंग पाना किंवा बॉक्स पाना घ्या. फिक्स पान्याने किंवा स्क्रू पान्याने बोल्टाचे कोपरे झिजतात. फिरवायचं घड्याळाच्या उलट, पण बोल्टाच्या डोक्याकडून पाहून. वरून वाकून पाहणारा हमखास उलटं फिरवतो आणि बोल्ट आणखी आवळून बसतो. शेवटचे आटे हाताने, बोल्ट आत दाबत सोडवा आणि झटक्यात बाजूला घ्या.

धार थांबली की लोक बोल्ट लावायला घाई करतात. धारेचं ठिपक्यांवर आलं म्हणजे अर्धंच काम झालं. दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग दोघांनी धरून गाडी आधी डावीकडे, मग उजवीकडे कलती करा. भोक ज्या बाजूला असेल त्या बाजूला झुकवल्यावर पुन्हा धार लागते. त्यानंतर चावी बंद ठेवून किक हाताने सावकाश पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे पंपात आणि वाटांत राहिलेलं खाली उतरतं. इंजिन मात्र क्षणभरही सुरू करायचं नाही. परत पाच मिनिटं.

निघालेलं ऑइल खुणा असलेल्या जुन्या बाटलीत मोजा. सहाशे-सातशेच्या आसपास निघालं तर ठीक. पाचशेही नसेल तर गाडी ऑइल पिते आहे किंवा कुठून गळते आहे, हे तेव्हाच कळतं. बोटावर घेऊन उन्हात पाहा. काळा रंग बिघाडाची खूण नाही. धातूचे चमकते तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवा.

फिल्टरचं गाडीगणिक वेगळं आहे. स्प्लेंडरसारख्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. जाळी आणि फिरता फिल्टर उजव्या कव्हरमागे असतात. ते दरवेळी खोलायची गरज नाही, पण तीन-चार ऑइल बदलांनंतर एकदा कव्हर काढून साफ करावेत, आणि तेव्हा गॅस्केट नवं. कागदी फिल्टर असेल तर तो बदलताना स्प्रिंग, ओ-रिंग कोणत्या बाजूला होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टर उलटा बसला तर इंजिनाला ऑइलच पोहोचत नाही. काही गाड्यांच्या तळाला मोठं झाकण, आत स्प्रिंग आणि जाळी असते. त्यातली जाळी धुवून जशी होती तशीच लावा.

घासलेट किंवा डिझेल ओतून इंजिन धुवायची पद्धत अजून अनेक गॅरेजांत आहे. ती करू नका. जे दीडशे-दोनशे मिली आपल्याला काढता येत नाही, तेवढंच घासलेटही आत राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने वरून हवा मारणंही नको. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं.

आत राहिलेलं ऑइल खरंच नडतं ते एका प्रसंगी. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी घातली आणि ऑइल चहासारखं दुधाळ झालं, तर एकदा बदलून भागत नाही. नवं योग्य ग्रेडचं, पण स्वस्तातलं ऑइल भरा, दहा-पंधरा मिनिटं चालवा, गरम असतानाच पुन्हा काढा. हिशेब सोपा आहे: ९०० पैकी १५० राहिलं तर पहिल्या बदलानंतर जुनं सहावा हिस्सा उरतं, दुसऱ्यानंतर छत्तिसावा. दुधाळपणा गेला नाही तर तिसऱ्यांदा. इंजिनात फार गाळ असेल तरी हाच मार्ग. फक्त मधलं ऑइल पाचशे किलोमीटर चालवून काढायचं.

बोल्टाचा वायसर दरवेळी नवा. ॲल्युमिनियमचा चपटा झालेला वायसर पुन्हा लावला की गळती लागते, मग माणूस पान्याला पाइप घालून आवळतो आणि केसिंगचे आटे जातात. मग हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे, बसवण्याचा खर्च आला. बोल्ट हाताने पूर्ण फिरवून बसवा, मग रिंग पान्याने घट्ट लागल्यावर थोडासाच. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा. अशा बोल्टाचा तो साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर असतो.

बाटलीवर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं हवं, ही ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीच्या ऑइलची खूण. कारच्या ऑइलने क्लच सरकू शकतो. आधी ७०० मिली ओता, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून तीन मिनिटं थांबा, मग गेजपट्टी पाहा. हिरोच्या या गाड्यांत पट्टी आट्यांवर नुसती टेकवायची, फिरवायची नाही. लागेल तसं पन्नास-पन्नास मिली वाढवा. खुणेच्या वर गेलं तर ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरात जातं.

जळकं ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि पिंपात गोळा करून पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजला द्या. त्यात घासलेट किंवा पाणी मिसळलेलं असेल तर ते वेगळ्या कॅनमध्ये ठेवून तसं सांगा.