नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर अर्ज असा लिहा

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय अपघातात गेला आणि त्याच्या सरकारी कार्यालयाने 'स्वेच्छानिवृत्ती घ्या' म्हणून तगादा लावला. अशा कागदावर सही करू नका, हे पहिलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, कलम 20(4) अर्जात लिहाच. सेवेत अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद. तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, त्याच्यासाठी ठेवलेलं पद.

दया मागू नका, सोय मागा, आणि नेमकी मागा: 'तळमजल्यावर बसवा, फिरतीऐवजी टेबलाचं काम द्या.' वाजवी सोय नाकारणं हा या कायद्याच्या व्याख्येतच भेदभाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात याच तत्त्वावर परीक्षार्थीला लेखनिक मिळवून दिला. म्हणून नकारसुद्धा लेखी घ्या. तोच तुमचा पुरावा.

आपल्या पुणेकरांना एक बरं, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय इथेच आहे. नकार मिळाला तर तिथे तक्रार करायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि तारखेनुसार लावलेले कागद घेऊन जा. भावाच्या फाइलीत सगळ्यात कामाला आली ती आवक शिक्क्याची झेरॉक्स.