व्हॉल्यूमच्या खरखरीला काट्याचा मीटर
ठाणे खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल, तर पॉट (व्हॉल्यूमच्या बटणामागचा, फिरवून रोध बदलणारा भाग) काट्याच्या मल्टीमीटरनेच तपासा. साधा डिजिटल मीटर सेकंदाला 2-3 वेळाच आकडा बदलतो; क्षणभर तुटलेला संपर्क त्यात निसटतो, काटा मात्र उडी मारतो.

प्लग काढा, कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) डिस्चार्ज होऊ द्या, पॉटच्या वायरी सोडवा. ओहमच्या 1के रेंजवर मीटरचे दोन्ही प्रोब (वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून काटा शून्यावर आणा, मग एक प्रोब मधल्या पायाला, दुसरा कडेच्या पायाला लावा आणि दांडा अगदी सावकाश फिरवा. काटा थरथरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून 20-30 वेळा फिरवा (तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते). तरीही त्याच जागी उडाला, तर पॉटमधला कार्बनचा पट्टा झिजलाय, पॉट बदला. जुन्या पॉटवर ए50के (50 किलोओहम, आवाजासाठीचा लॉग प्रकार) लिहिलं असेल तर तोच आणा. बी50के (तेवढाच, पण रोध एकसारखा बदलणारा लिनियर प्रकार) लावलात तर आवाज सुरुवातीलाच एकदम वाढतो.