वकिलांनी टॅबलेटवरील लेखन-ॲप कसे पारखावे

टॅबलेटवर मसुदा लिहिण्यासाठी कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न नागपूरच्या वकीलवर्गात आता वरचेवर निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा वैशिष्ट्यांच्या यादीवरून किंवा किमतीवरून दिले जाते. वकिलाच्या कामाला ही दोन्ही मोजमापे अपुरी पडतात. आपला मसुदा एकाच यंत्रावर सुरू होऊन तिथेच संपत नाही. कार्यालयातल्या संगणकावर तो आकार घेतो, ज्युनिअर त्यात भर घालतात, सिनियर पेशीच्या आदल्या रात्री टॅबलेटवर दुरुस्त्या करतात, टंकलेखक तो पुन्हा संगणकावर उघडतो आणि शेवटी त्याची पीडीएफ होऊन ती ई-फायलिंगला किंवा छपाईला जाते. म्हणून ॲपची पारख मुख्यतः एकाच कसोटीवर करावी: संगणकावरून टॅबलेटवर आणि तिथून पुन्हा संगणकावर अशी फेरी करून आलेली फाइल शाबूत असते का?

या परीक्षेसाठी कोरी फाइल किंवा ॲपसोबत येणारा नमुना घेऊ नये. आपल्याच दप्तरातली, निकाली निघालेल्या प्रकरणातली, सर्वांत गुंतागुंतीची फाइल निवडावी आणि पक्षकारांची नावे, पत्ते व मिळकतीचे क्रमांक बदलून तिची एक प्रत तयार करावी. दिवाणी दाव्यातला लेखी जबाब, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर, यासाठी उत्तम, कारण त्यात जवळजवळ सगळेच अडथळे एकत्र येतात: आपोआप पडणारे परिच्छेद-क्रमांक, ‘दाव्यातील परिच्छेद ७ मधील मजकूर नाकबूल’ अशा धर्तीचे उल्लेख, मौजा (गाव), पटवारी हलका (तलाठ्याचे क्षेत्र) आणि खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांकांसह चतुःसीमांचा, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंच्या हद्दींचा, तक्ता, मराठी मजकुरात मध्येच आलेला इंग्रजी निकालपत्राचा उतारा, आणि शेवटी प्रतिज्ञालेख, म्हणजे मजकूर खरा असल्याचे शपथेवरचे कथन. फाइल वर्डच्या डॉकएक्स स्वरूपात असावी. तिची मूळ प्रत संगणकावर स्वतंत्र ठेवावी आणि तिची एक छापील प्रतही काढून घ्यावी, म्हणजे परत आलेली फाइल तिच्याशी पान मांडून ताडता येते.

प्रत्येक ॲप ही फाइल कशी उघडते, हे आधी समजून घ्यावे. मायक्रोसॉफ्ट वर्ड आपल्याच स्वरूपात काम करते. गूगल डॉक्समध्ये डॉकएक्स फाइल तशीच ठेवून संपादन करता येते किंवा तिचे गूगलच्या स्वरूपात रूपांतरही करता येते, आणि परीक्षा करताना रूपांतर टाळावे. ॲपलचे पेजेस फाइल स्वतःच्या स्वरूपात आणून उघडते आणि काम झाल्यावर ती पुन्हा डॉकएक्स म्हणून बाहेर काढावी लागते, म्हणजे तिथे दोनदा रूपांतर होते. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन संचाच्या पायावर उभे असलेले कोलाबोरा ऑफिस अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर चालते. ज्यांच्या कार्यालयात लिब्रेऑफिस वापरात आहे, त्यांनी ते आधी तपासावे.

आता नागपुरातल्या वकिलाची खरी अडचण, म्हणजे दोन भाषा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात कामकाज इंग्रजीत चालते, तर १९९८ च्या अधिसूचनेनंतर दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे एकाच वकिलाच्या टॅबलेटवर सकाळी इंग्रजी रिट याचिका आणि दुपारी मराठी पुरसीस (न्यायालयाला दिलेले छोटे लेखी निवेदन) असते. त्यातच बहुतेक कार्यालयांत जुन्या मराठी फाइली श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहेत (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सर्व यंत्रांवर सारखाच संकेतांक देणारी पद्धत). असा फॉन्ट टॅबलेटवर नसला, की तीच फाइल रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा होऊन दिसते. त्यात ॲपचा दोष नाही, कारण फाइलमध्ये मुळात देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन चिन्हे, आणि देवनागरी रूप त्यांना केवळ फॉन्टमुळे मिळते. अशा फाइली टॅबलेटवर नेण्यापूर्वी संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, आणि बदलल्यानंतर रफार, जोडाक्षरे, आकडे व कंस ओळीओळीने तपासावेत. रकमेतला एक आकडा बदलला तर पुढे काय होते, हे वकिलाला सांगायला नको.

युनिकोड फाइलचीही परीक्षा घ्यावीच. शेतकऱ्यांच्या, ॲडव्होकेट, प्रतिज्ञालेख, चतुःसीमा, मृत्युपत्र, कर्तृत्व, उद्ध्वस्त असे शब्द टंकून पाहावेत. ‘शेतकऱ्यांच्या’ मधला अर्धा र आणि ‘ॲडव्होकेट’ मधला ॲ नीट उमटत नसेल, तर ते ॲप किंवा तो फॉन्ट मराठी दाव्याच्या कामाचा नाही. पुष्कळदा पडद्यावर सगळे ठीक दिसते, पण पीडीएफ केल्यावर अक्षरे विस्कटतात. म्हणून पीडीएफ काढून ती दुसऱ्याच यंत्रावर उघडावी, शोध-चौकटीत ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द टाकावा आणि सापडतो का ते पाहावे. मग एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवावा. तो विस्कळीत आला, तर पीडीएफ डोळ्यांना वाचता येते, पण यंत्राला शोधता येत नाही, असे समजावे. ई-फायलिंगसाठी शोधता येणारी पीडीएफ हवी असते, त्यामुळे माझ्या मते ही या सबंध परीक्षेतली सर्वांत निर्णायक पायरी आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात.

क्रमांकांचा भाग त्यानंतर घ्यावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम २ नुसार वादकथने, म्हणजे दावा आणि लेखी जबाब यांतली कथने, क्रमांकित परिच्छेदांत विभागावी लागतात आणि तारखा, रकमा व संख्या आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहाव्या लागतात. टॅबलेटवर परिच्छेद ६ आणि ७ यांच्यामध्ये एक नवा परिच्छेद घालावा. पुढचे सगळे क्रमांक सरकतात का, मधल्या उपपरिच्छेदांची अ, ब, क ही मालिका मोडते का, आणि मजकुरातले परस्परसंदर्भ, म्हणजे ‘परिच्छेद ७ पाहा’ असे क्रमांकाशी जोडलेले उल्लेख, बदलतात का, हे पाहावे. परस्परसंदर्भ टॅबलेटवर ताजे झाले नाहीत, तर फाइल संगणकावरील वर्डमध्ये उघडून सगळा मजकूर निवडावा आणि एफ९ कळ दाबावी. तेवढ्याने ते दुरुस्त झाले तर ती मर्यादा चालण्यासारखी आहे. परंतु ॲपने संदर्भाचे रूपांतर साध्या आकड्यात करून टाकले असेल, तर त्याचे नुकसान पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत होत राहील आणि ते ॲप तिथेच बाद करावे. तळटीपा आणि अनुक्रमणिका यांनाही हाच न्याय लावावा.

आपोआप दुरुस्ती करणारी सोयही याच वेळी तपासून घ्यावी. इंग्रजी मसुद्यात कंसात सी लिहिले, की काही ठिकाणी त्याचे कॉपीराइट-चिन्ह होते, आणि कलमांचे उपखंड लिहिणाऱ्याला हे वारंवार सोसावे लागते. ही सोय बंद करण्याची जागा ॲपमध्ये सापडली पाहिजे.

पानाच्या मांडणीसाठी सर्वोच्च न्यायालयाची पद्धत माप म्हणून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून तिथे ए४ कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४ आकारात, ओळींमध्ये दीडपट अंतर, उताऱ्यांसाठी १२ आकार व एकेरी अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर आणि वर-खाली २ सेंटिमीटर समास अशी मांडणी आहे. ही मांडणी ॲपमध्ये सेंटिमीटरचे आकडे घालून करता येते का ते पाहावे. ‘रुंद’ आणि ‘अरुंद’ एवढेच तयार पर्याय देणारे ॲप वकिलाला पुरत नाही. मग एक पान छापून समास पट्टीने मोजावा. लीगल आकाराचा कागद निवडता येतो का, आणि पहिले पान मुद्रांक कागदावर छापायचे असल्यास तेवढ्या एकाच पानाचा वरचा समास वाढवता येतो का, हेही बघून ठेवावे. त्यासाठी विभाग-खंड (सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलच्या एका भागाची मांडणी वेगळी ठेवणारी खूण) टाकण्याची सोय लागते आणि टॅबलेटवर ती प्रत्येक ॲपमध्ये नसते.

सिनियर आणि ज्युनिअर यांच्यातला सगळा व्यवहार ट्रॅक चेंजेसवर, म्हणजे कोणी काय बदलले याची नोंद ठेवणाऱ्या सोयीवर, चालतो, म्हणून त्याची तपासणी दोघांनी मिळून करावी. ज्युनिअरने संगणकावर काही मजकूर खोडावा, काही घालावा आणि शेरे लिहावेत. सिनियरनी टॅबलेटवर त्यांतले काही बदल स्वीकारावेत, काही फेटाळावेत आणि स्वतःची भर घालावी. फाइल परत आल्यावर कोणता बदल कोणी केला, हे नावानिशी दिसले पाहिजे आणि शेरे आपापल्या शब्दांपाशी राहिले पाहिजेत. तक्त्याच्या आत केलेला बदल मुद्दाम तपासावा, कारण चतुःसीमांच्या तक्त्यातली दुरुस्ती नोंदलीच गेली नाही, तर ती कोणाच्याही लक्षात येणार नाही.

याच सोयीची दुसरी बाजू गंभीर आहे. तडजोडीचा मसुदा विरुद्ध पक्षाच्या वकिलांना डॉकएक्समध्ये पाठवला जातो, आणि आपल्या पक्षकाराची तयारी किती रकमेपर्यंत आहे याबद्दलचा एखादा शेरा त्यात लपून राहिलेला असू शकतो. टॅबलेटवर बदल दिसेनासे करणे आणि ते काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपमध्ये सर्व बदल स्वीकारून आणि सर्व शेरे पुसून फाइल संगणकावर उघडावी, आणि विंडोजवरील वर्डमधल्या डॉक्युमेंट इन्स्पेक्टर या लपलेला मजकूर शोधणाऱ्या साधनाने आत काही उरले आहे का ते पाहावे. माझा आग्रह असा, की बाहेर जाणारी फाइल नेहमी संगणकावरूनच शेवटची साफ व्हावी, ॲप कितीही चांगले असले तरी.

गोपनीयता हा वकिलाच्या बाबतीत कायद्याचा प्रश्न आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने मनाई आहे, आणि हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे फाइल कोणाच्या सर्व्हरवर राहते, ॲपला कुलूप लावता येते का, टॅबलेट हरवल्यास त्यातला मजकूर दुरून पुसता येतो का, हे विचारलेच पाहिजे. बोलून टंकण्याची सोय मराठीत फार उपयोगी आहे, पण आवाज कुठे पाठवला जातो हे सेटिंगमध्ये पाहावे, आणि टॅबलेटवरच प्रक्रिया करणारा पर्याय असल्यास तोच निवडावा. बाहेरून घेतलेले मराठी कीबोर्ड आणि मजकूर सुचवणारी किंवा सारांश काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांनाही तोच प्रश्न विचारावा. त्यांच्या अटी वाचून समाधान होईपर्यंत ती बंद ठेवावीत.

न्यायालयाच्या दालनात मोबाइलचे नेटवर्क मिळेलच असे गृहीत धरू नये. टॅबलेट विमान-स्थितीत टाकून दहा मिनिटे लिहावे, ॲप बंद करावे, पुन्हा उघडावे आणि मजकूर जागच्या जागी आहे का ते पाहावे. मग तीच फाइल दरम्यान संगणकावर कोणी बदलली, तर नेटवर्क आल्यावर काय होते तेही बघावे. चांगले ॲप दोन प्रती ठेवून विचारणा करते, वाईट ॲप एक प्रत गुपचूप पुसते. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक कारण जोडले जाते. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात वापराची शिफारस करते आणि सिव्हिल लाइन्समधली दुपार त्याच्या पुष्कळ वर जाते. तापलेला टॅबलेट मध्येच थांबतो, म्हणून ॲप दर बदलासरशी आपोआप जतन करणारे हवे.

निकालपत्र एका बाजूला आणि मसुदा दुसऱ्या बाजूला असा पडदा विभागता आला पाहिजे. ज्या शहरातून ऑल इंडिया रिपोर्टर हे न्यायनिर्णयांचे नियतकालिक निघते, तिथल्या वकिलाला निकालांतले उतारे घेण्याची किती गरज पडते हे वेगळे सांगायला नको. उतारा पीडीएफमधून चिकटवताना प्रत्येक ओळीअखेर तुटतो. त्या ओळी हातानेच जोडाव्या लागतात, पण मूळचा फॉन्ट व आकार सोबत येऊ नये म्हणून साधा मजकूर म्हणून चिकटवण्याचा पर्याय ॲपमध्ये आहे का, हे पाहावे.

किमतीबाबत एवढेच, की पडद्याचा आकार खरेदीपूर्वी मोजावा, कारण १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर वर्डमध्ये संपादन करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सशुल्क सदस्यत्व लागते. सदस्यत्व संपल्यावर फाइली उघडतात का आणि डॉकएक्समध्ये बाहेर काढता येतात का, हेही पैसे भरण्याआधी तपासावे.

परीक्षेत टिकलेले ॲप सुरुवातीला पुरसीस, मुदतवाढीचे अर्ज, नोटिसांची उत्तरे अशा लहान कामांना लावावे आणि मूळ फाइल काही आठवडे संगणकावरही जपावी. लेखी जबाबासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेने ३० दिवस आणि जास्तीत जास्त ९० दिवस दिले आहेत. त्या मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात असलेली फाइल नव्या ॲपमध्ये उघडू नये.